वाकलेलं शिंग

हुये गावच्या लग्नांत गायींचा नाच म्हटला की वेनान्सीने शिकवलेल्या पोरीच. लांब शिंगांच्या गायींसारखे दोन्ही हात डोक्यावर उंच धरून त्या नाचायच्या, आणि कुणाचा हात जरा खाली आला की वेनान्सीच्या जिभेचा पट्टा सुटायचा.

यंदा तिचा डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, पण हात सुजला, खांदा आखडला. ती रोज भिंतीवर बोटं चढवायची आणि कालपेक्षा वर गेली की कोळशाने खूण करायची. सूज दाबणारी घट्ट बाही चढवून ती तालमीला निघाली, तेव्हा नणंद स्पेसिओज म्हणाली, "वहिनी, आता बसून टाळ्या वाजव. कोण नावं ठेवणार आहे?"

"पहिली तूच ठेवशील," वेनान्सी म्हणाली.

अंगणात तिने हात उचलले. उजवा ताठ वर गेला. डावा कानापाशी अडला, काखेत दोरी ताणावी तशी कळ आली, तरी तिने तो खाली घेतला नाही. मागे वळून पाहिलं, तर सगळ्या पोरींनी डावा हात कानापाशीच धरलेला.

"हे काय सोंग?"

"तुम्ही एकट्या वेगळ्या दिसायला नको, मावशी," एक पोर म्हणाली.

वेनान्सीचे डोळे भरले. तिने ते त्या बाहीनेच पुसले, आणि जिभेचा पट्टा सुटला.

"माझ्या हाताला ऑपरेशन आडवं आलं. तुमच्या हाताला काय आलं? वर करा. माझं एक शिंग वाकलंय, कळप नाही वाकलेला."