पाच व्होल्टवरचे काका

मावशीने टेपरेकॉर्डर माझ्याकडे आणला तेव्हा तिचं मागणं एवढंच होतं, की एकदा काकांचा आवाज ऐकायचाय. काकांना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांचा आवाज त्या एका कॅसेटवर तेवढा उरला होता. सेल गळून आतल्या पट्ट्या गंजल्या होत्या, बाकी यंत्र ठणठणीत.

"नवा अडॅप्टर आणून द्या की," बायको म्हणाली.

असले अपमान मी सहन करत नाही. माळ्यावर जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. त्याचा पॉवर सप्लाय काढून टेबलावर ठेवायचा वीजपुरवठा बनवतो, मग घरातलं काहीही त्यावर चालेल, असं मी जाहीर करून टाकलं. मावशीला सांगितलं, "दोन दिवस."

लागले तीन आठवडे. हिरवी वायर काळीला जोडल्याशिवाय तो डबा जागाच होत नाही, हे कळायला एक रविवार गेला. जागा झाला की लगेच मान टाकायचा, कारण त्याला सतत काहीतरी भार लागतो. मग स्कूटरचा एक बल्ब कायमचा त्याच्या गळ्यात बांधला. पत्र्याला भोकं पाडली, वायरी जोडायला रंगीत टर्मिनल बसवली, खाली सुबक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या: ३.३, ५, १२ व्होल्ट. मावशी रोज फोन करून काकांचं विचारायची आणि मी तिला टर्मिनलचे रंग सांगायचो.

शेवटी सगळी वरात घेऊन मी आणि बायको तिच्याकडे गेलो. वायरी जोडायला म्हणून टेपरेकॉर्डर उलटा केला, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मागे लिहिलं होतं, सहा व्होल्ट.

बायकोने चकार शब्द काढला नाही. त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

बारावर टेप जळला असता, म्हणून पाचावर जोडला. कॅसेट फिरली, पण रडतखडत. काकांचा आवाज आला तो जाडाभरडा, एकेक शब्द ओढत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका हयातभर घाईत बोलले. प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आत चपला घालून बाहेर पडायचे.

"पुढच्या... खोलीला... निळा... रंग... देऊ," काका म्हणत होते. "तुझं... काय... मत?"

त्यापुढे नुसती खरखर. तीही लांबलेली.

"उद्या बरोबर सहा व्होल्ट करून आणतो गं," म्हणत मी वायरीला हात घातला.

मावशीने माझा हात बाजूला सारला. आम्ही बसलो होतो ती पुढचीच खोली, गेली तीस वर्षं निळी. तिने भिंतींवरून एकदा नजर फिरवली आणि खुर्ची टेपरेकॉर्डरजवळ ओढली.

"मला पिवळा हवा होता," ती काकांना म्हणाली.