माझ्या पट्टीवर पुढचं साल नव्हतं

पितळी बटणांनी भरलेली काचेची बरणी.

जांभळी शाई. बोटाला लागली की दोन दिवस जात नाही.

फोनमधली एकच धून, सलग एकोणीस मिनिटं.

टाचण्या.

श्वासाने धुरकटलेला चष्मा.

यांचा आपापसात काय संबंध, असं तुम्ही विचाराल, मित्रांनो. मलाही तो कळला तेव्हा मला खणात टाकून दिलेलं होतं. म्हणून जमेल तसं सांगतो. सरळ सांगता येत नाही, कारण माझं आयुष्य सरळ गेलंच नाही. ते पुढे गेलं, मागे आलं, परत पुढे गेलं, आणि दर वेळी कोणीतरी कानशिलाजवळचं चाक पिरगाळून म्हणालं, "आता ही शेवटची."

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ, लोखंडी चौकट आणि त्यात शेजारी शेजारी तीन रबरी पट्ट्या. एकीवर दिवस, दुसरीवर महिने, तिसरीवर सालं. बाजूची दातेरी चाकं फिरवली की पट्ट्या सरकतात आणि हवी ती तारीख खाली येते. माझ्या सालाच्या पट्टीवर बारा सालं आहेत. तेरावं नाही. हे लक्षात ठेवा. कोणी ठेवलं नव्हतं.

ताईंनी मला घेतलं तेव्हा पट्टीवरचं पहिलंच साल चालू होतं. बोटीच्या सहलींचं बुकिंग करून देणारं त्यांचं एका खोलीचं ऑफिस तेव्हा नुकतं उघडलं होतं. सुरुवातीला त्या तारखा पेनाने लिहीत. मग एकदा कोणीतरी त्यांची १ ही ९ वाचली आणि अख्खं कुटुंब सामानसुमानासह आठ दिवस उशिरा धक्क्यावर पोचलं. बोट गेलेली. त्या दिवसापासून ताईंचा नियम झाला: तारीख हाताने लिहायची नाही, शिक्का मारायचा. दुसरा नियम: सहल पुढे गेली तर जुनी पावती फाडायची नाही, नवी पावती तिच्यावर टाचायची. माणसाला किती वेळा थांबवलं ते माणसासमोर राहावं, असं त्या म्हणत.

ती माझी चांगली वर्षं होती. लोक माझ्या ठशावर फुंकर मारून पावती सुकवत. लहान मुली तळहात पुढे करत आणि ताई त्यावर हलकेच तारीख उमटवत. शाई दोन दिवस राही, आनंदही तितकाच.

मग साथ आली.

थांबा. आधी मास्तर यायला हवेत.

मास्तर म्हणजे धक्क्यामागच्या गल्लीतले शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी बोटींवरच्या माणसांचे गणवेश शिवले: पांढरे कोट, खांद्यावरच्या पट्ट्या, पितळी बटणं. बोट लागली की त्यांच्या दुकानात रांग, आणि बोट सुटेपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. त्यामुळे ज्या माणसाने शेकडो खलाशांच्या छातीची मापं घेतली, तो स्वतः धक्क्याच्या पुढे एकदाही गेला नाही. दुकान बंद करून ते आमच्याकडे आले ते एकच मागणं घेऊन. चारी बाजूंना फक्त पाणी असेल, जमीन कुठेच नसेल, अशा जागी उभं राहायचं होतं.

घाई होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर काठाकडून आत आत आवळत जाईल. दोन वर्षं, फार तर. मास्तरांनी हे ताईंना बाहीची घडी घालून दाखवावी तसं सांगितलं. रोज थोडी अरुंद होणार, म्हणाले, शेवटी हातच जाणार नाही.

मी एप्रिलची तारीख उमटवली. अकरा दिवस आधी बोट रद्द झाली.

ऑगस्ट. धक्काच बंद.

डिसेंबर. बोट निघणार होती, पण पासष्टच्या वरचे नकोत. मास्तर अडुसष्ट. काउंटरवर आता प्लास्टिकचा पडदा लटकत होता, त्याच्या खालून त्यांनी पावती सरकवली आणि म्हणाले, "कमरेत दोन इंच आत घेतो तसं वय तीन वर्षं आत घ्या ना, ताई. आतून शिवण ठेवा, नंतर सोडता येईल."

ताई हसल्या. मग बोटीच्या कंपनीला फोन लावून बसल्या आणि ती धून सुरू झाली. एकोणीस मिनिटांनी तिकडचा माणूस बोलला. त्याचं म्हणणं असं होतं की बोट निघेल, निघाली नाही तर कळवू, पण कळवलं नाही म्हणून निघालीच असं समजू नये. ताईंनी हे कागदावर लिहून घेतलं, वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं जणू ते मीच बोललो होतो.

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, यात माझा काय दोष? त्या दिवसांत मी एकट्या मास्तरांचाच नव्हतो. नवीन जोडपी होती, निवृत्त मास्तरणी होत्या, एक दंतवैद्य होता जो दर सोमवारी येऊन सोमवार बदलून जायचा. सगळ्यांच्या तारखा पुढे. पुढे म्हणजे किती पुढे, ते कोणालाच माहीत नाही. माझ्या पट्ट्या ढिल्या पडल्या. महिन्यांची पट्टी तर इतकी फिरली की जून आणि जुलै धड ओळखू येईनात. मी एक साधा शिक्का. मला तारीख उमटवायला बनवलं होतं, अंदाज उमटवायला नाही.

मास्तर मात्र दर वेळी गळ्यातल्या टेपमागून टाचणी काढत आणि नवी पावती जुनीवर अशी नीट टाचत की कोटाची किनार वाटावी. "ह्या वेळी पक्का टाका घाला, ताई," एवढंच म्हणत. बोलायचं काम त्यांच्या बायकोचं. तिला सगळे काकू म्हणत. काकू दाराजवळच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून सांगत की बॅग चौथ्यांदा भरली आहे, त्यातले स्वेटर कंटाळून आपले आपण घडी होतात, आणि आता बोटीनेच आमच्या गल्लीत यावं, आम्हाला जमायचं नाही. त्यांच्या टोमण्यांनी ती खोली जिवंत राहायची.

चौथी तारीख पुढल्या वर्षीच्या मे महिन्यातली. त्या वेळी दोघं धक्क्यावर पोचलेसुद्धा. समोर बोट उभी होती, पांढरी, तीन मजली. तिथे कळलं की एक खलाशी आजारी पडलाय, फेरी रद्द. दोघं बॅग ओढत थेट ऑफिसात आले. दाराशी लोकांना अंतरावर ठेवायला ताईंनी दोरी बांधली होती. ती मास्तरांच्या मांडीला लागली. त्यांना ती दिसलीच नाही.

काकूंनी त्या दिवशी टोमणा मारला नाही.

ताईंनी फोन लावला. धून. मग तिकडून पाचवी तारीख मिळाली: फेब्रुवारी, पुढच्या साली. ताईंचा चष्मा मास्कमुळे धुरकटलेला, हात चिडलेला. त्यांनी माझं सालाचं चाक एक घर पुढे ढकललं. मित्रांनो, पट्टी गोल असते. बाराव्या सालाच्या पुढे तेरावं नव्हतं. पहिलं होतं. मला ओरडायला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं तोंड शाईत बुडवलं गेलं आणि पावतीवर आपटलं गेलं.

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. पावतीवर ते इंचाइंचाने सरकवत गेले, कापडातला दोष शोधावा तसं. सालापाशी थांबले.

"ताई, तुम्ही मला अकरा वर्षं मागची तारीख दिलीत."

ताईंनी चष्मा पुसला, पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. चुकलं म्हणाल्या, पावती द्या म्हणाल्या. मास्तरांनी दिली नाही.

"राहू द्या की," ते म्हणाले. "तेव्हा मला ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका नजरेत दिसायचं. त्या तारखेला निघालो तर बरंच होईल."

मग काकू उठल्या, प्लास्टिकच्या पडद्याखालून हात घालून काउंटरवरचं पेन उचललं आणि ताईंच्या पुढ्यात ठेवलं.

"हाताने लिहा, ताई. वाचायला मी आहे."

ताईंनी लिहिलं. आकड्यांत नाही, अक्षरांत, शाळेतल्या मुलीसारखं गोल आणि सावकाश. मास्तरांनी चौथी टाचणी काढली. ती दोनदा हुकली. तिसऱ्यांदा काकूंनी त्यांचं बोट जागेवर नेलं.

मला त्या दिवशी खणात टाकलं. आठवड्याभरात लाल प्लास्टिकचा, शाई पोटातच असलेला नवा शिक्का आला. त्याच्या पट्टीवर भरपूर सालं आहेत. त्याला अजून काही कळत नाही.

माझा खण पूर्ण बंद होत नाही, म्हणून पुढचं ऐकू आलं. फेब्रुवारीत बोट निघाली. मार्चमध्ये दोघं ऑफिसात आले, काकू पुढे, मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे. त्यांना आता बटणाएवढं दिसत होतं. काकूंनी सांगितलं की डेकवर जमीन दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी मास्तरांचे खांदे धरून त्यांना पाव वळण वळवलं, थांबवलं, पुन्हा पाव वळण, अगदी मास्तर ट्रायलला गिऱ्हाइकाला वळवायचे तसं. लोक बघत होते. बघू देत, म्हणाल्या.

"समुद्र चार तुकड्यांत पाहिला," मास्तर म्हणाले. "पण शिवण कुठे दिसली नाही, ताई."

जाताना त्यांनी बटणांची बरणी काउंटरवर ठेवली. ती अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मला पुसून परत वापरा, असं मी म्हणणार नाही. माझी सालं संपली. एवढंच मागतो: कोणाला तारीख द्याल तेव्हा समोरचा माणूस किती दिवस थांबू शकतो ते आधी बघा. आणि पुढे ढकलावीच लागली, तर निदान जुनी पावती फाडू नका.

मास्तरांची सगळ्यात खालची पावती एप्रिलची; ती फेरी रद्द झाल्याचा फोन आला त्या सकाळी ते काउंटरसमोर उभे होते, आणि उजवीकडच्या दारातून कोण आत आलं ते त्यांनी मान न वळवता सांगितलं होतं.