मागच्या दाराचं लोखंड

मनोहररावांनी आतापर्यंत पाच गिऱ्हाइकं हाकलली होती. पहिल्याला जीप नवरदेवाच्या वरातीसाठी हवी होती. दुसऱ्याला तिच्यावर डीजेचे भोंगे बांधायचे होते. तिसऱ्याने चाकाला लाथ मारून "ॲव्हरेज किती देते?" असं विचारलं, तेव्हा त्याला चहासुद्धा न देता फाटकाबाहेर काढण्यात आलं. उरलेले दोघे का गेले ते नंदनवन वस्तीत कुणालाच कळलं नाही, पण ते चालत नाही, पळत गेले असं शेजारी सांगतात.

जीप विकणं तर भागच होतं. चौकात उभ्या असलेल्या म्हशीला हवालदार समजून मनोहरराव तिच्या इशाऱ्याची वाट बघत पाच मिनिटं थांबले होते, आणि ही गोष्ट रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचली होती. त्यांनी स्टिअरिंगला हात लावायचीच बंदी केली. पण कृषी खात्यातून निवृत्त होताना लिलावात घेतलेली ही गाडी काही साधीसुधी नव्हती. ती फोर-बाय-फोर होती, चारही चाकांना जोर देणारी. ती द्यायची तर ज्याला त्या जोराची कदर असेल त्याच्याच हाती, नाहीतर अंगणात गंजली तरी बेहत्तर, असा म्हाताऱ्याचा हट्ट होता.

हा जोर चालू होतो तो मोठ्या गिअरशेजारच्या छोट्या गिअरने, आणि तो छोटा गिअर म्हणजे मनोहररावांचं दैवत. दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडाला हार घालतात. मनोहरराव आधी छोट्या गिअरला हळदकुंकू वाहत, पूजेचा लाल नाडा बांधत. पंधरा वर्षांच्या नाड्यांनी तो मनगटाएवढा जाड झाला होता. पावसाळ्यात रस्त्यावर घोटाभर पाणी दिसलं की ते ऐटीत छोटा गिअर ओढत आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हणत, "पाह्य, समोरचे चाक कसे खेचून राहिले!" प्रेमिलाबाई खिडकीबाहेर बघत "हाव, हाव" म्हणत.

प्रेमिलाबाईंची दसऱ्याची पूजा घरात असे. विळी, सांडशी, कुदळ, सगळं लोखंड पाटावर यायचं. त्यात मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला एक जड दांडाही असायचा.

"याले कायले हळदकुंकू वं?" मनोहरराव दरवर्षी विचारत.

"लोखंड आहे. राहू द्या," त्या दरवर्षी सांगत. मनोहरराव मग दिवाळीला दाराबरोबर त्या दांड्यालाही उरलेला हिरवा रंग फासत.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी सहावं गिऱ्हाईक आलं. श्वेता कुही तालुक्यात जनावरांची डॉक्टर होती. पावसाळ्यात तिची स्कूटर चिखलात रुतायची आणि ती पोचेपर्यंत गाय व्यालेली असायची. तिला चिखलातून ओढून काढणारी गाडी हवी होती. हे ऐकून मनोहररावांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं गाडी जिची वाट बघत होती ती हीच पोरगी, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही.

गाडीची तपासणी करायला त्यांनी लकडगंजहून ओमप्रकाशला बोलावून ठेवलं होतं. पहिल्या दिवसापासून जीपचा मिस्त्री तोच. पण आज ओमप्रकाशची कंबर अचानक धरली होती. तो गाडीखाली जायला तयार नव्हता. "काकाजी, गाडी एकदम टकाटक है, पाहाचं काय त्यात?" असं म्हणत तो ओट्यावर बसला. प्रेमिलाबाईंनीही कधी नव्हे ते त्याच्यापुढे तिसरी बशी तर्रीपोहे ठेवले.

"मीच पाहते," म्हणत श्वेताने बाह्या सरसावल्या. तिच्या हातात जुन्या गाड्यांच्या खोडींची यादी होती, पण हात मात्र गोठ्यातले होते. तिने आधी गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, मग बोनेट जबडा उघडावा तसं उघडलं.

"काका, बंपर इथेच काहून सडला?"

"दसऱ्याचं नारळ तिथंच फोडतो ना बाई."

"स्टिअरिंग अर्धं फिरवलं तरी चाक हलत नाही."

"विचार करून वळते ते."

"चारही टायर चार कंपन्यांचे आहेत."

"एकत्र कुटुंब आहे."

"आणि खाली परात काहून ठेवली? तेल गळते काय?"

"मी कधी नाही म्हटलं? परात उगाच ठेवली काय?"

श्वेता हसली आणि यादीत एकापाठोपाठ एक फुल्या मारत गेली. पोरगी हातची जाते की काय, या भीतीने मनोहरराव एकदम उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून गर्जले, "बाकीचं सारं खराब निघो! पण चार चाकाचा जोर खोटा निघाला, तं गाडी फुकट घेऊन जाजो! मनोहररावचा शब्द आहे!"

ओमप्रकाशला ठसका लागला. प्रेमिलाबाईंच्या हातातली पळी तर्रीत बुडाली.

श्वेता पोतं अंथरून गाडीखाली शिरली. बराच वेळ नुसते तिचे पायच दिसत होते. मग खालून आवाज आला, "काका, इंजिनचा जोर समोरच्या चाकांपर्यंत कोण नेते?"

"शाफ्ट. लोखंडी दांडा राहते."

"तो नाही आहे."

"ढिला झाला असन."

"ढिला नाही काका. नाहीच आहे."

मनोहरराव ताडकन गाडीखाली वाकले. त्यांना काहीच दिसलं नाही, पण तसं तर त्यांना एरवीही काही दिसत नसे. "चोर!" ते ओरडले. "ओमप्रकाश, पोलिसांले फोन लाव! माह्या गाडीचा शाफ्ट चोरीले गेला!"

ओमप्रकाशने फोन काही लावला नाही. तो पोह्यांकडे बघत राहिला. प्रेमिलाबाई उठून घरात गेल्या. मागचं दार धाडकन आपटलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पदराआड तो दांडा होता, दोन्ही टोकांना फिरते सांधे असलेला, हिरव्यागार रंगाचा, दसऱ्याचं हळदकुंकू अजून ताजं असलेला.

मनोहररावांनी दांड्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा दांड्याकडे. "हा... हा तं दाराचा आहे."

"दाराचा मागून झाला," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाले. माह्या भावाले जोर दाखवाले तुम्ही गाडी उमरेडकडच्या काळ्या मातीत घातली होती. दारापर्यंत फसली. चार बैलं लावून काढली. तरी घरी येता येता तुम्ही म्हणून राहिले, पुढच्या वेळी नदीत घालतो. दुसऱ्याच दिवशी मी ओमप्रकाशले म्हटलं, भाऊ, ज्याच्यानं या माणसाले हिंमत येते ते काढून टाक."

"आणि बारा वर्षं मी छोटा गिअर ओढून राहिलो, ते?"

"नुसते नाडे ओढून राहिले तुम्ही," ओमप्रकाश हळूच म्हणाला, आणि पुन्हा बशीत तोंड घातलं.

मनोहररावांचा चेहरा उतरला. घोटाभर पाण्यातली सगळी बहादुरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. "काहून केलं वं असं?"

"तुम्ही गाडी घेऊन निघाले का मी दारातच उभी राहत होती," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मले चार चाकाचा जोर नको होता. तुम्ही घरी पाहिजे होते."

पण शब्द म्हणजे शब्द. मनोहररावांनी खिशातून किल्ली काढली आणि श्वेतापुढे धरली. "घेऊन जा पोरी. फुकट म्हटलं तं फुकट."

श्वेताने किल्ली घेतली, दांडा उचलून उलटासुलटा तपासला आणि म्हणाली, "खोटं काहून म्हणता काका? जोर घरातच होता ना. काकूनं पूजा करून सांभाळला. ओमप्रकाशभाऊ, कंबर बरी झाली असन तं हा लावून द्या. पैसे मी पुरे देईन."

ओमप्रकाशची कंबर तत्काळ बरी झाली.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये दिवाळीपर्यंत चिखल वाळत नाही. श्वेताने जीप सरळ त्यात घातली. मनोहरराव शेजारी बसले होते. गाडी बुडू लागली, तसं तिने खूण केली आणि त्यांनी दोन्ही हातांनी, नाड्यांसकट, छोटा गिअर ओढला. खालून काहीतरी गुरगुरलं, पुढची चाकं चिखल खाऊ लागली आणि अख्खी गाडी स्वतःला उपसत वर आली. मनोहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं ते ज्याला जोर म्हणत होते, तो हा नव्हताच. हा किती मोठा होता.

श्वेता जीप घेऊन गेली. नवराबायको फाटकाशी उभे होते. मग आत मागचं दार धाडकन आपटलं, लगेच पुन्हा आपटलं.

"आता हे दार कोण धरन वं?" मनोहररावांनी विचारलं.

प्रेमिलाबाईंनी मागच्या ओट्यावर दाराला टेकवून खुर्ची मांडली. "तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता कुठं जाणार आहे तुम्ही?"

मनोहरराव मुकाट्याने बसले. पुढल्या दसऱ्याला लोखंडाची पूजा झाल्यावर प्रेमिलाबाई ताम्हण घेऊन मागच्या दाराशी गेल्या आणि खुर्चीतल्या माणसाच्या कपाळाला कुंकू लावून आल्या.