आधी गळा, मग मी

मी एक माऊथ ऑर्गन. दहा भोकं, वीस पितळी पाती, वरखाली पत्र्याची झाकणं. जन्म जर्मनीतल्या कुठल्याशा गावातला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते मिसिसिपीच्या काठचं एक दुकान आणि पहिल्याच फुंकेत माझं चौथं पातं ढिलं करणारा माणूस. त्याचं नाव ओझेल टिब्स.

ओझेल नदीच्या बांधावर खेचरं हाकायचा. अंगाने दांडगा, स्वभावाने त्याहून दांडगा. मला वाजवायचा म्हणजे माझ्याशी मारामारीच करायचा. आगगाडीचा आवाज काढायचा, कोंबडीमागे लागलेल्या कुत्र्याचा काढायचा. लोक खूश व्हायचे. पण कुणी एखादं गाणं वाजव म्हटलं की त्याची पंचाईत व्हायची. पुढचा सूर कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नसायचं. तो चाचपडत ओढत राहायचा आणि माझी पाती सोलून निघायची.

गाणं त्याने कधी म्हटलंच नव्हतं. लहानपणी चर्चमध्ये बापाने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "हा गप्प बसला तर देवावर उपकार होतील." तेव्हापासून तो गप्प बसला होता.

एका शनिवारी दुपारी, मासे तळायच्या आणि दारू प्यायच्या अड्ड्यावर, लूथर नावाचा गडी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओझेल, तुझ्या बाजाला तोंडं दहा आहेत रे, पण एकालाही बोलता येत नाही."

माणसं खो खो हसली. ओझेलने मला पुसून छातीवरच्या खिशात ठेवलं. मग टेबलावरची बाटली उचलली, कडेवर फोडली आणि लूथरच्या तोंडावर मारली. लूथरचा डावा डोळा गेला. त्याचं उडालेलं रक्त ओझेलच्या खिशातून झिरपत माझ्यापर्यंत आलं. ओझेलने मला दोनदा धुतलं, तरी तो वास कित्येक दिवस गेला नाही. माझा धनी असला तरी त्या दिवसाबद्दल मी त्याच्या बाजूने बोलणार नाही.

न्यायाधीशाने जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल देऊन टाकला. पाच वर्षं, तुरुंगाच्या शेतावर. झडतीत पहारेकऱ्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत ओझेलकडे फेकलं.

तिथे रोज जंगलतोड. एका झाडाभोवती चौघे. दोघांच्या कुऱ्हाडी वर जात तेव्हा दोघांच्या खाली येत. मुकादम एक ओळ गाई, बाकीचे ती उचलत, आणि ठरलेल्या शब्दावर घाव पडे. मन रमवायला कोणी गात नव्हतं. कुऱ्हाड कधी पडणार हे त्या गाण्यावरूनच कळायचं. शिवाय सगळे घाव ठेक्यात पडले की कोण थकलाय हे घोड्यावरून पहारा करणाऱ्या कॅप्टनला ओळखता येत नसे. त्याला ओळखता आलं, की त्या माणसाला तिथेच पालथं पाडून चामड्याच्या पट्ट्याने सोलत.

मुकादम होता क्लिओथा गेन्स, साठीचा कैदी. सगळे त्याला काका म्हणत.

ओझेलने तोंड मिटूनच काम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी त्याची कुऱ्हाड अर्धा ठेका आधी पडली. समोरच्या डॉक नावाच्या कैद्याचा हात, रुतलेली कुऱ्हाड उपसताना, अजून खोडावरच होता. डॉकची दोन बोटं ढलप्यांबरोबर उडाली.

संध्याकाळी बराकीत सहा जणांनी ओझेलला खाली पाडून तुडवलं. मी त्याच्या खाली दबलो होतो. प्रत्येक लाथ मला ऐकू येत होती. काका मक्याची भाकरी खात बसला होता. ती संपल्यावर उठला आणि म्हणाला, "बास. आता मला बोलू द्या त्याच्याशी."

"तोंड का मिटून ठेवतोस रे?"

"माझा आवाज गाढवासारखा आहे."

"मग इथे कोण देवदूत गायला उतरलेत? गाढव तर गाढव. पण तुझा श्वास कुठे संपतो ते समोरच्याला कळायला नको? आज बोटं गेली. उद्या मान जाईल."

काकाने माझ्या धन्याच्या खिशातून मला काढलं आणि स्वतःच्या सदऱ्यात घातलं. "हा महिनाभर मिळायचा नाही. आधी गळा."

दर रविवारी काका त्याला समोर बसवून एकच ओळ म्हणायला लावी. पोटावर मूठ ठेवी. "खांदे कशाला उडवतोस? श्वास इथून घे. आणि शब्द मध्येच तोडू नको. बोलणारा माणूस वाक्य संपवून दम घेतो, तसा घे." ओझेल ओरडायचा, फाटायचा, लोक हसायचे. डॉक मात्र हसत नसे. तो हाताची चिंधी बदलत ऐकत राही.

महिन्याने काकाने मला परत दिलं. खरं सांगतो, ओझेलच्या ओठांजवळ जाताना मी धास्तावलो होतो. पण त्या ओळीचा सूर त्याच्या गळ्यात आधीच तयार होता. गाताना जीभ जिथे जाई तिथेच गेली, घशाने तोच आकार घेतला, आणि माझं तिसरं पातं कुणी जबरदस्ती न करता मींड घेत खाली उतरलं. ओळ संपली तसा तो थांबला. मलाही पहिल्यांदाच दम घ्यायला जागा मिळाली.

"हे कळलं मला," शेजारच्या खाटेवरून डॉक म्हणाला.

"काय कळलं?"

"माफी मागतोयस. अजून थोडी माग."

ओझेलने अजून थोडी मागितली. जेवणाची घंटा होईपर्यंत मागत होता.

पुढच्या ऑगस्टमध्ये उन्हाने माणसं भाजून निघत होती. भर दुपारी ओळीच्या मध्येच काकाचा आवाज गेला आणि तो खोडाला टेकून खाली बसला. गाणं तुटलं तशा कुऱ्हाडी अडखळल्या. कॅप्टन पट्टा घेऊन घोड्यावरून उतरला. काकाच्या पाठीवर त्याने तीन फटके ओढले. काका उठला नाही.

"कामाला लागा," कॅप्टन म्हणाला, "नाहीतर एकेकाला इथेच झोपवीन. आणि याला उभा करा."

तेव्हा ओझेलने काकाची अर्धी राहिलेली ओळ उचलली. काकापेक्षाही संथ. कुऱ्हाडी पडू लागल्या. सगळ्यांचे हात कामात गुंतले, मग काकाला उभं करायला कोणी मोकळा राहिला नाही.

"मयताला आलायस का? ठेका वाढव," कॅप्टन ओरडला.

ओझेलने पुढची ओळ त्याच ठेक्यात म्हटली. कॅप्टनने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला. पुढचे दोन दात गेले, वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. ओझेल थुंकला आणि त्याने पुढची ओळ म्हटली. शब्दांचा चोथा झाला होता, पण सूर जागेवर होता. दुसरा दणका छातीवर बसला, म्हणजे माझ्यावर. माझं वरचं झाकण आत गेलं, चार पाती कायमची अडकली. त्याची बरगडी मात्र वाचली.

त्याने आणखी एक ओळ म्हटली. उत्तरादाखल चौदा आवाज आले, चौदा कुऱ्हाडी एकदम वर गेल्या. कॅप्टनने त्या कुऱ्हाडींकडे पाहिलं, हातातल्या बंदुकीकडे पाहिलं आणि तो घोड्याकडे वळला.

काकाला मग कोणी उठवलं नाही. सावलीत, गाणं ऐकत पडून राहिला. संध्याकाळी न्यायला गाडी आली तेव्हा तो गार पडला होता.

ओझेलचा ओठ कधीच नीट जुळला नाही. डाव्या बाजूने वारा गळतो. नुसता फुंकणारा असता तर त्याचं वाजवणं तिथेच संपलं असतं. पण गाणं ओठात नव्हतं, आत होतं. सुटल्यावर तो उजव्या कोपऱ्याने वाजवायला शिकला.

आता तो मेम्फिसमध्ये एका न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. त्याच्याकडे नवा बाजा आहे. मी फळीवर असतो, सोळा पात्यांचा. लोक शिकायला येतात. तो सगळ्यांना म्हणतो, "आधी गाऊन दाखव."

"मी वाजवायला शिकायला आलोय, गायला नाही."

"मग दुसरं दार बघ."

बरेच जण दुसरं दार बघतात. परवा वर्ना नावाची धोबीखान्यातली बाई आली. सोड्याने हात सोललेले, डोळ्याखाली कुणीतरी मारल्याचा निळा डाग. जमिनीकडे बघत तिने कशीबशी एक ओळ म्हटली. ओझेलने काही न विचारता नवा बाजा तिच्या हातात ठेवला. तिच्या फुंकेत घाई नव्हती. जिथे ओळ संपत होती, तिथे ती थांबली.

मला आता कोणी तोंडाला लावणार नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. मागणं आहे ते माझ्या जातभाईंसाठी. आमच्यात स्वतःचं असं काही नसतं. तुम्ही नुसता वारा दिलात तर वाराच परत मिळेल. म्हणून आम्हाला उचलण्याआधी एक ओळ गाऊन बघा. आवाज फाटला तर फाटू द्या. पाती तेवढी सांभाळा.