हंबीररावांचं कॅरेज

सायकलनं गोव्याला जायचं म्हणून स्वप्नाली दुकानात बॅगा बघायला निघाली, तर सासरे हंबीरराव न बोलावता सोबत आले. त्यांनी तीस वर्षं सायकलला किटल्या लटकावून कोल्हापुरात दूध घातलेलं. त्यामुळं सायकलवर काय लादायचं हे त्यांना न विचारता ठरवणं म्हणजे घराण्याचा अपमान.

दुकानदारानं दोन्ही बाजूंना बॅगा अडकवायचं हलकं अॅल्युमिनियमचं कॅरेज दाखवलं. "पंचवीस किलो पेलतंय," तो म्हणाला.

"तेवढी तर आमच्या किटल्यांची झाकणंच व्हायची," हंबीरराव म्हणाले.

"मामा, मला फक्त चार कपडे न्यायचे आहेत."

"आज कपडं हाईत. उद्याचं कुणी सांगावं?"

शेवटी दुकानातून नुसत्या बॅगा घेतल्या. कॅरेज हंबीररावांनी ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलचं करून आणलं आणि स्वतः आवळून बसवलं. ते उचलायला दोन माणसं लागली.

गगनबावड्याच्या अलीकडंच सायकलच्या मागच्या नळ्या तुटल्या. स्वप्नाली टेम्पोतून परत आली, सायकल दारात आपटली आणि दातओठ खात उभी राहिली.

हंबीरराव खाली वाकले. तुटलेल्या नळ्यांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. कॅरेजवर हात फिरवला, दोनदा गदागदा हलवून बघितलं आणि समाधानानं मान डोलावली.

"केसभर वाकलं न्हाय की," ते म्हणाले. "आता ह्याला शोभंल अशी सायकल बघूया."