घरातल्या घरात

बँकेच्या शाखेचं दार उघडलं की साहेब आधी भिंतीवरचा फलक सरळ करायचे. दाराच्या वाऱ्याने तो रोज तिरका व्हायचा. ‘आपला पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नका’ असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि खाली एका पिवळ्या कुलपाचं चित्र होतं. साहेबांचा त्या कुलपावर फार जीव. पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते समोर बसवून घेत आणि पोटतिडकीने सांगत, की फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी आकडा सांगायचा नाही, कुणी मुलासारखा वागला तरी कार्ड हातात द्यायचं नाही. स्वतः खुर्चीवरून पाणी प्यायला उठले तरी संगणकाचा पडदा बंद करून उठत. नव्या लोकांना गोपनीयतेचे नियम शिकवायचं काम वरच्यांनी मुद्दाम त्यांच्याकडे दिलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली आता गावातल्या बऱ्याच बँकांत पसरली होती आणि भेटली की अजून वाकून नमस्कार करत.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याने साहेबांना घरी जेवताना पाहिलेलं असणार.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले की त्यांची आई विचारायची, आज काय नवीन? आणि साहेब पहिला घास गिळून सुरू करायचे, “घरातल्या घरात सांगतो हं.” मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुकान गहाण टाकल्याचं निघायचं. गाणं शिकवणाऱ्या बाईंना सोडून गेलेला नवरा दर महिन्याला गुपचूप काहीतरी पाठवतो, हे निघायचं. शेजारच्या आजोबांनी खात्यावरचं मुलाचं नाव काढून सांभाळणाऱ्या बाईचं लावलं, हे तर दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी त्या आजोबांचा मुलगा दारात येऊन ओरडत होता आणि ती बाई आपली पिशवी भरत होती. त्याला कुणी सांगितलं, हा प्रश्न या घरात कुणालाच पडला नाही. यांच्यापैकी कुणाच्याच तोंडात तीळ भिजत नव्हता.

साहेबांनी या सेवेचा कधी एक छदामही घेतला नाही, हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. मुलीसाठी स्थळ पाहणारे आईबाप संकोचत यायचे, मुलाचं नाव सांगायचे आणि म्हणायचे, “जरा बघून सांगता का?” साहेब बघून सांगायचे. दुसऱ्या बँकेत खातं असेल तर तिथल्या आपल्या शिष्याला विचारून सांगायचे. तो आनंदाने सांगायचा, कारण उद्या त्यालाही कुणाचं तरी विचारायचं असायचं. सगळ्या गावात हा असा परोपकार चालला होता. पैसे खाणाऱ्याला निदान पकडता तरी येतं. दुसऱ्याचा विश्वास खाऊन वर हात पुसणाऱ्याला आपण मोठ्या मनाचा माणूस म्हणतो आणि लग्नात पहिल्या रांगेत बसवतो.

आता या घरातल्या धाकट्या सुनेचं ऐका. साहेबांच्या धाकट्या भावाची ही बायको. भावाचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, कोरायचा, हिरडीला उतार द्यायचा, म्हणजे म्हातारं माणूस हसलं तर ते त्याचंच हसू वाटलं पाहिजे. तिच्या हातची कवळी टोचते अशी तक्रार कधी आली नव्हती. मालक म्हणायचा, हिची बोटं सोन्याची आहेत.

तिचा नवरा तिला मारायचा. लांब बाहीखाली झाकलं जाईल एवढंच आणि तिथंच मारायचा, म्हणून तो समंजस समजला जाई. मारायला लागला की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. थोरली जाऊ, म्हणजे साहेबांची बायको, नंतर मलम आणून द्यायची आणि म्हणायची, “सोड गं, पुरुषांचं असतंच डोकं गरम.” मलम उत्तम असायचं, साहेब स्वतः आणायचे.

तिचा पगार साहेबांच्याच शाखेत जमा व्हायचा. एकदा तिने बहिणीकडे जायचं तिकीट कार्डावर काढलं, तर ती बसस्टँडवर पोचायच्या आत नवरा तिथे उभा होता. त्या दिवशी तिला भिंतीवरच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे ते कळलं. मग ती गप्प राहिली आणि विचार करत राहिली. परगावच्या एका कवळीच्या कारखान्याची मालकीण तिचं काम पाहून गेली होती. तिने नोकरी देऊ केली, कारखान्याच्या वरची खोली देऊ केली, धाकटीच्या मुलीच्या शाळेचंही बघते म्हणाली. मुलीची परीक्षा संपली की दोघींनी निघायचं, असं ठरलं. नवऱ्याला कळायच्या आत गाव सोडणं, एवढ्यावरच तिचं सगळं अवलंबून होतं.

साहेबांच्या बँकेला टाळायचं म्हणून ती पुलापलीकडच्या दुसऱ्या बँकेत गेली. तिथे काउंटरवर एक हसतमुख बाई होती. तिने खुर्ची दिली, फॉर्म भरायला मदत केली, नवीन पत्ता म्हणून परगावच्या खोलीचा पत्ता लिहून घेतला. धाकटीने तिला दोनदा विचारलं, घरी काही कळणार नाही ना? बाईने टेबलावरच्या कुलपाच्या चित्राकडे बोट दाखवलं. “अहो, ग्राहकाची माहिती म्हणजे आम्हाला शपथ असते,” ती म्हणाली. धाकटी कित्येक महिन्यांनी मोकळं हसली आणि परत जाताना पूल चालत ओलांडून गेली.

ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. कागदपत्रं नीट लावताना तिने जुना पत्ता आणि आडनाव पाहिलं आणि तिला आनंद झाला. हे तर आपल्या सरांचं घर. सरांनी तिला काम शिकवलं होतं, गोपनीयतेचे नियमसुद्धा त्यांनीच. तिने कौतुकाने फोन केला. सर, तुमच्या घरच्या आल्या होत्या, मी जराही थांबवलं नाही, बसवून चहा पाजला आणि लगेच खातं करून दिलं. नवीन पत्ताही तिने वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून.

साहेबांना राग आला. कशाचा, हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. आपल्या घरातलं माणूस परक्या बँकेत गेलं, याचा त्यांना राग आला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी भावाकडे पाहून बोलायला सुरुवात केली. धाकटी तिथेच वाढत होती, तिच्याशी बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

“घरातल्या घरात बोलतो म्हणून राग मानू नकोस. पण तुझ्या बायकोला आमच्या बँकेत काय काटे टोचतात का? पुलापलीकडे जाऊन खातं उघडलंय. उद्या वरच्यांनी विचारलं तर मी तोंड काय दाखवू? आणि पत्ता तरी कुठला, तर पार परगावचा.”

थोरलीच्या हातातला चमचा थांबला. तिला सगळं एका क्षणात कळलं. सासूबाईंनाही कळलं. नवरा शांतपणे जेवत होता.

“कुठलं गाव म्हणालास, दादा?” त्याने विचारलं.

साहेबांनी गाव सांगितलं. रस्त्याचं नावही सांगितलं. आकडे आणि पत्ते लक्षात ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर जे झालं, त्याला या घराने एक वाक्य ठरवून घेतलं आहे. हात दारात सापडला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी हेच सांगितलं, शेजाऱ्यांना हेच सांगितलं, नातीलाही हेच पाठ करायला लावलं. दार वाऱ्याने एकदा लागतं, मान्य. एकाच हातावर दोनदा लागत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली ती गेलीच. हाडं जुळतील, डॉक्टर म्हणाले, पण बारीक काम आता विसरा.

साहेब दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीला सांगितलं, मी काय कुणाला बाहेर सांगितलं होतं का? सख्ख्या भावाशी बोललो. पहिल्यांदाच तिला वाटलं, की इतकी वर्षं रोज संध्याकाळी त्या बातम्यांना आपणही हसत होतो, त्या आजोबांच्या वेळीही हसलो होतो. तिला स्वतःची शिसारी आली.

धाकटीने कारखान्यातून परगावच्या मालकिणीला फोन केला आणि हाताचं खरं काय ते सांगून टाकलं. मालकीण म्हणाली, “रंग जुळवायला डोळे लागतात, बोटं नाही. पेशंटच्या उरलेल्या दातांशी नव्या दाताचा रंग जुळवायचा. ये तू.”

हाताचं ड्रेसिंग करून आणते, असं सांगून थोरली तिला घेऊन निघाली आणि दोघी दवाखान्याऐवजी पूल ओलांडून बँकेत गेल्या. नव्या खात्यात थोडीफार शिल्लक होती, ती काढायची होती. काउंटरवरच्या बाईने तो बांधलेला हात पाहिला आणि ती उभीच राहिली. कसं झालं, तिने विचारलं. थोरलीने घरचं ठरलेलं वाक्य सांगितलं नाही. “तुमच्या फोनने झालं,” एवढंच ती म्हणाली.

धाकटीने डाव्या हाताने सही केली. ती पहिल्या सहीशी जुळेना. साहजिक आहे, पण नियम म्हणजे नियम. व्यवस्थापक बाहेर आले. सभ्य माणूस, हळू बोलणारे. सही जुळल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, शिल्लक किती तेही सांगता येत नाही, असं त्यांनी समजावलं. “तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे हे.”

“आणि हिचा पत्ता तुमच्या इथून गेला, तो कुणाच्या सुरक्षिततेसाठी?” थोरलीने विचारलं.

व्यवस्थापकांनी बाईकडे पाहिलं. तिने खाली मान घालून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ऐकता ऐकता व्यवस्थापकांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. म्हणजे बाहेर कुठे गेली नाही माहिती, ते म्हणाले, साहेबांनाच सांगितलं ना, मग घरातल्या घरातच राहिली की. यात भंग असा काही दिसत नाही. आणि सहीचंही अवघड नाही. साहेबांना एक फोन लावतो, ते ओळख पटवतील, लगेच काम होऊन जाईल. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि हे गृहस्थ शेत राखायला पुन्हा त्याच कुंपणाला बोलावत होते. त्यांनी फोनकडे हात नेला.

धाकटीने आपला बांधलेला हात फोनवर ठेवला. दुखलं असणार, तिचे ओठ पांढरे पडले.

“फोन करायचा नाही. खातं माझं आहे. माझा अंगठा घ्या.”

“अहो, तुम्ही शिकलेल्या आहात. अंगठा कसा देता?”

“शिकलेल्या बाईची सही तुम्ही मोडलीत. आता अंगठा घ्या.”

काउंटरवरची बाई शाईचा डबा घेऊन आली. अंगठ्याला साक्षीदार लागतात. पहिली सही त्या बाईनेच केली. मग कोरा कागद घेऊन, आपण ग्राहकाची माहिती परक्या माणसाला फोनवर सांगितली, असं स्वतःविरुद्ध लिहून तिने तो व्यवस्थापकांपुढे ठेवला. ‘परक्या माणसाला’ हे शब्द खोडायला व्यवस्थापकांनी सुचवलं. तिने खोडले नाहीत. दुसरी सही थोरलीची. नवऱ्याला न विचारता कागदावर सही करायची तिची ही पहिलीच वेळ होती आणि तिचंही अक्षर वाकडंच आलं.

बँकेतून धाकटी सरळ मुलीच्या शाळेत गेली आणि तिथून बसने. कुठल्या गावाला, ते इथे लिहिलेलं नाही. जुना बेत फुटला होता, म्हणून मालकिणीने तिला आपल्या बहिणीच्या कारखान्यात, वेगळ्याच गावी बोलावलं होतं.

तिची बोटं पुन्हा कधी मेणात चालणार नाहीत. साहेबांवर काही कारवाई झाली नाही, होणारही नाही. त्यांच्या शाखेतला फलक अजून तिथेच आहे आणि रोज सरळ केला जातो. तुमच्या घरी जेवताना आज कुणाची गोष्ट निघेल, हे तुमचं तुम्हाला ठाऊक.

धाकटी गेली त्या संध्याकाळी जेवायला दोन ताटं कमी मांडलेली होती. सासूबाईंनी टीव्ही लावला नव्हता. नवरा थोरलीसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, वहिनी, कुठे गेली ती? थोरलीने भाजी वाढायला घेतली. तेव्हा साहेब मऊ आवाजात म्हणाले, “तुला माहीत आहे ना? सांगून टाक. घरातल्या घरात आहे.”

“ग्राहकाची माहिती आहे,” थोरली म्हणाली. “सख्ख्या भावालाही सांगता येत नाही.”

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, आणि दोन्ही हात तिने दारापासून लांब, छातीशी धरून ठेवले होते.