सत्तरावर अडकलेला काटा आणि मी

एक होती चिरूट वळणारी बाई, एक होता तिचा काटेवाला नवरा, एक होती कमी बघणारी आणि फार ऐकणारी सासू. आणि या तिघांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या फळीवर, एक होते मी. मी चिरुटांची पेटी बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय. इतके दिवस झाकण मिटून गप्प बसले, आता ऐकाच.

मी तांबूस, वासाच्या लाकडाची. माझ्या सुतारानं मला बाहेरून आरशासारखं चमकवलं, पण आतून पॉलिशचा थेंब लावू दिला नाही. म्हणाला, "आतलं लाकूड उघडंच राहू दे. त्यानंच ओल प्यायची आणि त्यानंच चिरुटांना पाजायची." माझं झाकण त्यानं असं बसवलं की वरून सोडलं तरी ते आपटत नसे. आतल्या हवेवर तरंगत, हळूच "हुश्श" करून बसे. तो हुश्श म्हणजे माझा जीव. तो आहे तोवर माझी ओल माझ्यापाशी.

मला अक्षर येत नाही, आकडा येत नाही. पण हवेत ओल किती हे मला कुणी शिकवावं लागत नाही. कमी झाली की माझ्या फळ्या आक्रसतात, जास्त झाली की फुगतात. आणि तरी या घरात माझं कोण ऐकतं? माझ्या छातीवर बसवलेल्या त्या ओल मोजणाऱ्या गोल काचेच्या काट्याचं ऐकतात!

वळणारीनं वीस वर्षं एका कारखान्यात चिरूट वळले. मग तिथे यंत्र आलं आणि बायका घरी गेल्या. निघताना मुकादमानं तिच्या हातात तंबाखूच्या चांगल्या पानांची एक जुडी ठेवली. तिनं घरी येऊन त्यांचे चाळीस चिरूट वळले. पोटातली पानं तिच्या मनासारखी मिसळलेली, वरचं पान सुरकुती नसलेलं. ते घेऊन ती चिरुटांच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकिणीकडे गेली.

मालकीण म्हणाली, "हात छान आहे. पण ताजा चिरूट सगळ्यांचाच बरा लागतो. हे वर्षभर मुरू देत. मी स्वतः येऊन ओढून बघेन. पसंत पडले तर माझ्या दुकानाचे सगळे चिरूट तुझ्या घरात वळले जातील. तुझं टेबल, तुझ्या बायका."

त्यासाठी मला आणलं. वळणारीचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या पोटात ठेवलं होतं म्हणा ना!

सुरुवातीला चूक तिचीच झाली, हे मी सांगणार. मला ओल मिळावी म्हणून माझ्या झाकणाला आतून भोकांची डबी लावलेली; मायेपोटी तिनं तिच्यातला स्पंज पाण्यानं गच्च भरला. पंधरा दिवसांत दोन चिरुटांवर पांढरी बुरशी धरली. ती रडली, दोन्ही फेकले आणि घाबरून गेली.

तेव्हा नवरा पुढे झाला. तो हवामानाच्या कचेरीत तीस वर्षं काटे वाचून निवृत्त झालेला. "अगं, ओलावा हा माझा विषय आहे. तू आता झाकणाला हात लावू नकोस. उघडलं की ओल पळते. शंभरात सत्तर ओल हवी. सत्तरावर काटा, बस्स!"

"अहो, पण हातात घेतल्याशिवाय पान कसं कळेल?"

"काटा खोटं बोलत नाही."

बिचारी स्वतःच्या चुकीनं खाली मान घालून बसलेली. हो म्हणाली.

रोज सकाळी आठला हा माणूस चष्मा पुसून माझ्यासमोर उभा राहायचा, काचेवर टिचकी मारायचा आणि वहीत लिहायचा. टिचक्या मारून मारून माझं कपाळ दुखायला लागलं. तरी मी म्हटलं, असू दे, माणूस काळजी करतोय.

मग त्याची काळजी उतू गेली. सातव्या महिन्यात त्याला वाटलं काटा जरा अडखळतोय. त्यानं तो बाहेर काढला आणि मशीनला घालतात त्या तेलाचा एक थेंब आत सोडला. काटा सत्तरावर आला आणि चिकटला. कायमचा.

आणि हा खूश! "बघ, कसा स्थिर झालाय! म्हणजे पाणी घालायचं नाही. घातलं तर पुन्हा बुरशी."

मग थंडी पडली. खोलीत हीटर सुरू झाला. माझा स्पंज वाळून पापडासारखा कडक झाला. मी करकरले, चारी कोपऱ्यांत आक्रसले, झाकणाच्या फटीतून माझी होती नव्हती ती ओल निघून गेली. पोटातले अडतीस जीव तहानेनं वाळत होते आणि बाहेर वहीत लिहिलं जात होतं सत्तर, सत्तर, सत्तर. अहो, तीन महिने! कुणी एकदा तरी झाकण उचलून बघावं की नाही? माणसाला माणूस आजारी आहे का हे बघायचं असलं तर कपाळाला हात लावतात. माझ्या कपाळाला नुसत्या टिचक्या!

शेवटी कळलं कुणाला, तर जिला नीट दिसत नाही तिला. मालकीण यायला सहा आठवडे उरलेले. सासू फळी पुसत होती. तिचा हात लागून माझं झाकण उचललं गेलं आणि पडलं. टप्पकन.

"अगं ए," सासू ओरडली, "ही पेटी अशी काय बोलली? आणली तेव्हा निःश्वास टाकायची, आज खोक्यासारखी वाजली!"

वळणारी धावत आली. तिनं एक चिरूट उचलला, कानाशी धरून दोन बोटांनी हलकेच दाबला. आतून कुरकुर आवाज आला, वाळल्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा. तिचा चेहराच उतरला.

"अहो, मेले हे सगळे."

"शक्यच नाही! सत्तर आहे सत्तर!"

"सत्तर तुमच्या वहीत असेल. माझ्या हातात नाही."

"अगं, तुझी बोटं म्हणजे काय यंत्र आहे?"

"यंत्रानंच घरी बसवलंय मला. आता ते घरात येऊनसुद्धा माझ्यापेक्षा शहाणं का?"

सासूनं फडकं खाली ठेवलं. "अरे, तुमच्या कचेरीत हे काटे बरोबर आहेत की नाही ते कसं बघायचे?"

नवरा जरा घुटमळला. "ओल्या मिठानं. बंद बरणीत ओलं मीठ आणि काटा ठेवायचा. एका दिवसानं पंचाहत्तर दाखवायला हवा."

"मग घरात मीठ नाही का?"

"आहे."

"मग तीस वर्षं काय नुसता चहा प्यायलास तिथं?"

तो तणतणत उठला. या दोघींना खोटं पाडायचं म्हणूनच त्यानं बरणी घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ ओलं केलं, शेजारी काटा ठेवला, तोंड घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी तिघं बरणीभोवती उभी. काटा सत्तर. त्यानं तो उकळत्या किटलीच्या वाफेवर धरला. तरी सत्तर. काचेला घाम फुटला, त्याच्या कपाळाला फुटला, काटा मात्र ढिम्म.

"मी... तेल घातलं होतं त्यात," तो पुटपुटला.

"तेल?" वळणारी म्हणाली. "शिलाई मशीन होतं का ते?"

आता तरी शहाणपण यावं? छे! घाबरून तो नळाखाली तांब्या भरून माझ्यावर ओतायलाच निघाला. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटा तरी खरा होता! वळणारीनं त्याचं मनगट धरलं.

"तहानलेल्याला विहिरीत ढकलता का? एकदम पाणी दिलं तर आतली पानं फुगतील आणि वरचं पान फाटेल. सरका बाजूला."

त्या दिवसापासून तिनं मला हातात घेतलं. नळाचं क्षाराचं पाणी नाही, दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी, रोज अर्धा चमचा. स्पंज ओला, टपकणारा नाही. हीटरपासून मला लांब नेलं. दोन दिवसांआड ती खालचे चिरूट वर आणि वरचे खाली करी, एकेक दाबून बघे. आधी मी प्यायले, मग त्यांना पाजलं. तिघांचं वरचं पान तरी फुटलंच. उरले पस्तीस. आणि पाचव्या आठवड्यात सासूनं झाकण सोडलं, तेव्हा मी म्हटलं, हुश्श.

ठरल्या दिवशी मालकीण आली. तिनं एक चिरूट दाबला, हुंगला, पेटवला. राख बोटभर झाली तरी पडली नाही.

"जळतोय सरळ," ती म्हणाली. "पण वरचा वास थोडा उडालाय. का?"

तेवढ्यात नवरा पुढे आला. वही त्याच्या काखेतच होती, ती त्यानं मागे लपवली.

"माझ्यामुळे. हिला मी दहा महिने पेटी उघडू दिली नाही. सगळे वाळवून टाकले होते. हिनं ते परत आणले. हिचा दोष नाही, बाई."

या घरात तो पहिल्यांदा काटा सोडून खरं बोलला, असं सासूनं नंतर ऐकवलं.

मालकीण वळणारीकडे बघत राहिली. "इतके वाळलेले परत आणलेस? मी माझ्या दुकानात असले फेकून देते." तिनं पिशवीतून चार पानं काढली. "माझ्यासमोर एक वळ."

वळणारीनं पान तळहातावर पसरलं, डोळे मिटून अंगठा फिरवला. "हे अजून कोरडं आहे. थोडी ओल देऊन उद्या वळते. आज वळलं तर फुटेल."

मालकीण पहिल्यांदा हसली. "तेच बघायचं होतं. टेबलं कधी मांडतेस?"

आज या पुढच्या खोलीत चार टेबलं आहेत. कारखान्यातून घरी बसलेल्या तीन बायका परत आल्यात, दिवसभर पानं कापणाऱ्या पात्यांचा आणि गप्पांचा आवाज असतो. माझ्यासारख्या आणखी सहा पेट्या आल्यात, त्यांना मी धाक दाखवते. नवा काटा आहे, दर महिन्याला मिठाच्या बरणीत जाऊन येतो. बघा हो काट्याकडे, माझी ना नाही. पण आधी माझं झाकण उचला, बोटं लावा, कान द्या.

नवरा आता तेच करतो. सकाळी आठला येतो, टिचकी मारत नाही. झाकण उचलून सोडतो आणि कान लावून उभा राहतो. मी जरा वेळ त्याला ताटकळत ठेवते. मग म्हणते, हुश्श. आणि तो आत हाक मारतो, "अगं, या गं सगळ्या, कामाला लागा. पेटी बरी आहे!"